'ट्रॉयच्या स्त्रिया' : सुरुवातीचा देवांचा प्रवेश कापावा का?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. आमचा कोल्हापुरातला हौशी संघ प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीजचं 'ट्रॉयच्या स्त्रिया' बसवतोय. इंग्रजीवरून आम्हीच मराठी संहिता केली आहे. मी हेकुबा करते, म्हणजे ट्रॉयची म्हातारी राणी. नवरा मेला, मुलं मेली, गाव जळतंय आणि उरलेल्या बायका गुलाम म्हणून ग्रीकांच्या जहाजांवर चढवल्या जाणार आहेत, अशा सकाळी नाटक सुरू होतं.

पडदा उघडतो तेव्हा हेकुबा जमिनीवर पडलेली असते. तिच्या शेजारी समुद्राचा देव पोसायडन येऊन उभा राहतो. या नगराचा तट मी आणि अपोलोनं बांधला होता, आता मी इथून निघालो, असं सांगतो. मग अथीना देवी येते. काल-परवापर्यंत ती ग्रीकांच्या बाजूनं ट्रॉय पाडत होती. आता ग्रीकांवरच चिडली आहे, कारण त्यांच्यातल्या एजॅक्सनं हेकुबाच्या मुलीला, कसांड्राला, अथीनाच्या देवळातून फरपटत नेलं आणि त्याला कोणी साधा जाबही विचारला नाही. ती पोसायडनला म्हणते, यांची परतीची वाट समुद्रात बुडव. तो कबूल होतो. दोघं निघून जातात आणि पुन्हा येत नाहीत. पुढं जवळजवळ सगळं नाटक बायकांचं, आणि मधूनमधून वाईट बातमी घेऊन येणाऱ्या एका निरोप्याचं.

आमच्या दिग्दर्शकांचं म्हणणं, हा प्रवेश कापूया. दोन देव कोण, कोणाचं कोणाशी काय वाकडं, हे प्रेक्षकांना कळेपर्यंत दहा मिनिटं जातात आणि नंतर त्यांचा उपयोग काहीच नाही. तर्काला धरून आहे, मला खोडता आलं नाही. पण तालमीत मी शाळेच्या हॉलमधल्या गार शहाबादी फरशीवर गाल टेकून पडलेली असते आणि पोसायडन करणारा आमचा गडी कोल्हापुरी चपला घालून माझ्या कानापाशी करकर चालत असतो. तो माझ्याबद्दल बोलतो, बोट दाखवून म्हणतो, "बघायची असेल तर ही बघा, दारात पडलीय." आणि मला त्यातलं काही ऐकू येत नाही असं धरायचं असतं. हे कापलं तर माझ्या भूमिकेतलं काहीतरी फार मोठं जाईल असं वाटतं. काय जाईल ते नेमकं सांगता येत नाही.

म्हणून विचारते. नाटक पहिल्यांदा झालं त्या अथेन्समध्ये हे देव बघणाऱ्यांना काय दिसत असेल? ते शेवटी परत का येत नाहीत? आणि त्यांना दाखवायचं कसं? मी टाउन हॉलच्या संग्रहालयात जाऊन आपला ब्रह्मपुरीला सापडलेला पोसायडन, ती ब्राँझची छोटी मूर्ती, पुन्हा बघून आले. वीतभरसुद्धा नाही, पण त्याच्यापुढून पाय निघत नाही. एक हात वर उचललेला, त्यातला त्रिशूळ मात्र हरवलेला. तसाच उभा करावा का?

दर्यावर्दी

ताई, कापू नका. मी जहाजावर सेकंड ऑफिसर आहे, गाव देवगडकडचं. नाटकातलं मला फार कळत नाही, पण त्या समुद्रातून गेलोय.

तुमच्या संहितेत पोसायडन कबूल होताना गावांची नावं घेतो का, ते बघा. मूळ नाटकात घेतो. मिकोनोसचे किनारे, डिलोसचे खडक, स्कायरोस, लेमनोस, काफिरियसची टोकं, ही सगळी मढ्यांनी भरतील म्हणतो. कवीनं उगाच रचलेली नावं नाहीत ती. आमच्या चार्टवर आजही त्याच नावांवर बोट ठेवता येतं. काफिरियस म्हणजे एव्हिया बेटाचं दक्षिण टोक. त्याच्या आणि आंद्रोस बेटाच्या मधल्या खाडीला ग्रीक खलाशी काव्हो डोरो म्हणतात. उन्हाळ्यात उत्तरेचा मेल्टेमी वारा सुटला की तिथं पाणी चिमटीत सापडल्यासारखं उसळतं. मी ऑगस्टमध्ये तिथून गेलो तेव्हा आभाळ निळंशार, एक ढग नाही, आणि समुद्र मात्र सगळा पांढरा. आपल्याकडे पावसाळ्यात दर्या खवळतो तेव्हा आभाळही काळं असतं, मनाची तयारी झालेली असते. तिथं लख्ख उन्हात मार बसतो. चार्ट टेबलावरचा कप मी हातात धरून उभा होतो. आमचं जहाज दोनशे मीटरचं. वल्ह्यांच्या लाकडी गलबतांचं काय होत असेल!

अथेन्सच्या प्रेक्षकांत वल्ही मारणारे, माल नेणारे, भाऊ समुद्रात गमावलेले लोक किती असतील विचार करा. ती नावं ऐकल्यावर त्यांना देव कोण हे समजावून सांगावं लागलं नसणार. त्याच नाटकाच्या आधी युरिपिडीजनं 'पालामिडीज' नावाचं नाटक त्याच दिवशी केलं होतं. ग्रीकांनी कपटानं मारलेल्या या पालामिडीजच्या बापानं, नॉप्लियसनं, काफिरियसवर खोटे दिवे पेटवून ग्रीकांची जहाजं खडकावर घातली, अशी दंतकथा आहे. म्हणजे टोकाचं नाव निघताच लोकांच्या अंगावर काटा.

अथेन्सच्या बंदरात, पिरियसला, जहाज लागलं होतं तेव्हा मी डायोनायसस देवाच्या नाट्यगृहातही जाऊन बसलो. अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर आहे. आज दिसतात ती दगडी आसनं नंतरची, युरिपिडीजच्या काळी लाकडी बाकं होती. पण उतार तोच. बसलं की पाठीमागं, डोक्यावर कडा आणि त्याच्या वर पार्थेनॉन, अथीनाचं देऊळ. ते माझ्या डोक्यातून जात नाही.

मला वाटतं हा प्रवेश न्यायाचा आहे. बायकांवर अन्याय करणारे सुटणार नाहीत हे आधीच सांगून ठेवलंय.

नेपथ्यवाला

एक मधला मार्ग. देव दिसायलाच नकोत. ध्वनिमुद्रित आवाज ठेवा, अंधारात दोन मिनिटं. वेळ वाचेल, पोशाखाचा खर्चही.

जुनी वही

रंकाळाकाठ, तुम्ही विचारलंत त्यानं फार बरं वाटलं. मी निवृत्त शिक्षक, इतिहास शिकवायचो. ग्रीक मला येत नाही, शब्दकोश आणि दोन-तीन भाषांतरं शेजारी ठेवून वाचतो. या नाटकावर माझा जीव आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

दर्यावर्दींचा नावांचा मुद्दा मी जन्मात विसरणार नाही. पण 'न्याय' या शब्दापाशी मी अडतो. अथीनाची तक्रार नीट वाचा. कसांड्रावर काय गुदरलं याबद्दल ती चिडलेली नाही. माझा आणि माझ्या देवळाचा अपमान झाला, एवढंच ती म्हणते. पोसायडनही तिला विचारतो की तू अशी एकीकडून दुसरीकडे उड्या का मारतेस, द्वेषही अती आणि प्रेमही अती. उत्तर नीटसं मिळत नाही, तरी तो तयार होतो. ग्रीक बुडतील हे खरं. पण त्यानं हेकुबाच्या ताटात काय पडतं? ती बाई त्यांच्या पायाशी पडलेली आहे आणि सगळा करार तिच्या डोक्यावरून होतो. तिला कळतही नाही. तिच्या शत्रूंना शिक्षा होणार ही एकच गोष्ट तिला दिलासा देऊ शकली असती, आणि ती प्रेक्षकांना सांगितली जाते, तिला नाही.

काय जाईल असं तुम्ही विचारलंत ना? हे जाईल. प्रवेश कापला की हेकुबा फक्त दुःखी बाई उरते. प्रवेश ठेवला की ज्या बाईला सांगायला हवं होतं तिला सोडून सगळ्या नाट्यगृहाला ठाऊक असलेली गोष्ट तिच्या अंगावर शेवटपर्यंत लटकत राहते. पुढं हेलनचा ग्रीक नवरा मेनेलाउस येतो तेव्हा तुम्ही देवांचा राजा झ्यूस याची प्रार्थना करता. पृथ्वीला आधार देणारा तू, तू कोण हे कळणं अवघड, सृष्टीचा नियम आहेस की माणसांची बुद्धी, पण सगळं न्यायानं चालवतोस. मेनेलाउस चकित होतो, ही कसली नवीच प्रार्थना म्हणतो. ती प्रार्थना, जिच्यापायी हे युद्ध झालं त्या हेलनला शिक्षा व्हावी म्हणून. आणि समोरच्या एकूण एक माणसाला होमरमुळे माहीत होतं की हेलन सुखरूप स्पार्टाला परत जाऊन राणी म्हणून नांदली. सुरुवातीला देव पाहिलेले असतील तरच ती प्रार्थना ऐकताना पोटात खड्डा पडतो.

आता अथेन्सचं. नाटक झालं इ.स.पू. ४१५ च्या वसंतात, डायोनायससच्या उत्सवात. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात अथेन्सनं मेलोस हे छोटं बेट जिंकलं, हाती लागलेले सगळे प्रौढ पुरुष मारले आणि बायका-मुलं गुलाम म्हणून विकली. त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीज यानं त्याआधीची बोलणी नोंदवली आहेत. मेलोसचे लोक म्हणतात, आम्ही न्यायाच्या बाजूनं आहोत, देव पाठीशी राहतील. अथेन्सचे दूत म्हणतात, देवांची कृपा आम्हालाही कमी पडणार नाही, जिथं जोर चालतो तिथं सत्ता चालवायची हा देवांचाही नियम दिसतो आणि माणसांचाही. हे बोलणाऱ्या गावापुढं काही महिन्यांत हे नाटक झालं. नाटक मेलोसवरच लिहिलं असं मी म्हणणार नाही, तीन नाटकांची तयारी बरीच आधी सुरू झालेली असणार. पण बघणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं मेलोस आलं नसेल हे मला पटत नाही.

शिवाय त्या उत्सवात नाटकांच्या आधी, नाटक होई त्याच जागेत दोस्त नगरांकडून आलेल्या खंडणीची चांदी आणून मांडत. लढाईत बाप गेलेली, नगरानं पोसलेली मुलं वयात आली की त्यांना चिलखत-ढाल देऊन तिथूनच मिरवत नेत. मग त्याच जागेत हेकुबाच्या मुलाचं, हेक्टरचं पोर, अस्टियानाक्स, तटावरून फेकून मारलेलं, बापाच्या ढालीवर ठेवून आणतात आणि आजी त्याला ढालीतच पुरायला देते. ती आजी तुम्ही. हे लिहिताना माझा हात थांबतो.

देव परत का येत नाहीत? युरिपिडीजचा शिरस्ता नेमका उलटा होता. त्याच्या बऱ्याच नाटकांत शेवटी देव येतो, पुष्कळदा क्रेनसारख्या यंत्रावरून वर झळकतो आणि गुंता सोडवतो किंवा निदान पुढचं सांगतो. 'हिपोलिटस'मध्ये आर्टेमिस देवी येते, 'आयॉन'मध्ये हीच अथीना येते. लोकांना त्याची सवय होती. इथं त्यानं देव आधीच खर्च करून टाकले. शेवटी गाव जळतं, लोक वर बघत असतील, आणि वर कोणीच नाही.

एक मात्र आहे, आणि हे मला शब्दकोश चाळताना सापडलं तेव्हा मी घरातल्यांना हाका मारून सांगितलं. अगदी शेवटी ट्रॉयचा किल्ला कोसळतो. 'ऐकलंत?' विचारल्यावर बायका म्हणतात, 'एनोसिस', म्हणजे हादरा, सगळं नगर हादरा बुडवतोय. होमर पोसायडनला नेहमी जे विशेषण लावतो ते 'एनोसिगाइओस', भूमीला हादरवणारा. शब्द त्याच कुळीतला. देव परत येत नाही, त्याचा हादरा येतो. प्रेक्षकांनी तो धागा पकडला की नाही कोण सांगणार, पण सुरुवातीचा प्रवेश कापलात तर पकडण्यासारखं काही उरणारच नाही.

नेपथ्यवाले, आवाजाची कल्पना मला नाही पटली. देव तिथं उभे असून मदत करत नाहीत, यात सगळं आहे. आवाज दूरचा होतो.

मातीचं भांडं

मी कला इतिहासाची विद्यार्थिनी. दिसण्याबद्दल सांगते.

ब्रह्मपुरीची मूर्ती माझीही लाडकी, पण पोशाखाला ती नमुना म्हणून घेऊ नका. ती इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत रोमन व्यापारातून इकडं आलेली, ब्राँझची भांडी, आरसे यांच्यासोबत सापडलेली. युरिपिडीजनंतरच्या काळाची चव आहे तिला. त्याच्या प्रेक्षकांना माहीत असलेला पोसायडन बघायचा तर दर्यावर्दी जिथं बसले होते तिथून पाठीमागं वळून वर जायला हवं. पार्थेनॉनच्या पश्चिमेच्या छपराखालच्या त्रिकोणात हेच दोघं होते, अथीना आणि पोसायडन, गाव कोणाचं यावरून भांडताना. त्यानं त्रिशूळ मारून खाऱ्या पाण्याचा झरा काढला, तिनं ऑलिव्हचं झाड दिलं, ती जिंकली. त्रिकोणातली ती शिल्पं इ.स.पू. ४३२ पर्यंत पुरी झाली. म्हणजे नाटकाच्या वेळी सतरा वर्षांची, रंगसुद्धा अजून ताजे असतील. हो, रंग. पांढऱ्या चादरी गुंडाळून देव उभे करू नका, ग्रीक मूर्ती रंगवलेल्या असत. १६८७ साली व्हेनिसच्या तोफगोळ्यानं आतला दारूसाठा उडाला आणि इमारत फुटली. त्या पोसायडनची आज छातीसुद्धा एका जागी नाही. पुढचा तुकडा अथेन्सला, खांद्यांचा लंडनला.

तर गावाची स्वतःची देवी आणि तिच्याशी हरलेला देव, दोघं पाठीमागच्या देवळावर भांडतायत आणि समोर रंगमंचावर हातमिळवणी करतायत, तीही ग्रीक जहाजं बुडवायला. अथेन्सचं आरमार त्याच उन्हाळ्यात सिसिली बेटाकडं लढाईला निघालं आणि दोन वर्षांत पुरतं नष्ट झालं. युरिपिडीजला हे माहीत असणं शक्य नव्हतं, तरी मला ते विसरता येत नाही.

हरवलेल्या त्रिशूळाबद्दल. एव्हियाच्याच उत्तर टोकापाशी, आर्टेमिसियनला, १९२६ आणि १९२८ मध्ये समुद्रातून एक ब्राँझचा देव निघाला. दोन मीटरहून उंच, हात मागं ताणून काहीतरी फेकण्याच्या बेतात, आणि हातातली वस्तू गेलेली. त्रिशूळ असेल तर पोसायडन, वज्र असेल तर झ्यूस. त्रिशूळ धरला असता तर त्याचा दांडा तोंडावर आला असता, म्हणून बरेच जण झ्यूस म्हणतात. आयुध काढून घेतलं की देव कोणता हेच सांगता येत नाही. म्हणून तुमच्या पोसायडनच्या हातात त्रिशूळ द्याच, आणि आपल्याकडं लोक शंकर समजतील ही भीती बाळगू नका. पहिल्याच वाक्यात तो आपण समुद्रातून आल्याचं आणि आपलं नाव सांगतो.

अजून एक चित्र बघा. नेपल्सच्या संग्रहालयात क्लिओफ्रेडिस चित्रकाराची पाण्याची घागर आहे, इ.स.पू. ४८० च्या सुमाराची. घागरीच्या खांद्यावर गोल फिरत ट्रॉयची शेवटची रात्र. हेकुबाचा नवरा, म्हातारा राजा प्रायाम वेदीवर बसलाय, दोन्ही हात डोक्याला लावलेले, मांडीवर नातवाचं प्रेत, डोक्यातून रक्त. पलीकडं कसांड्रानं अथीनाच्या मूर्तीला कवटाळलंय आणि एजॅक्स तिला ओढतोय. मूर्ती लहान, ताठ, भाला उगारलेली, आणि नुसतीच उभी. मी त्या मूर्तीकडं खूप वेळ बघत बसते. तुमची अथीना करणाऱ्या मुलीला हे चित्र जरूर दाखवा.

दर्यावर्दी

जुनी वही सर, मान्य. 'न्याय' चुकलं. बुडणाऱ्या जहाजांवर त्याच बायका असणार ना? कोणाच्या वाट्याला कोण जायचं ते ठरलंय, सगळ्या ग्रीकांच्याच जहाजांत चढणार. हे माझ्या आत्ता डोक्यात आलं.

रंकाळाकाठ

दर्यावर्दी, तुमचं हे शेवटचं वाक्य मी तालमीत मोठ्यानं वाचून दाखवलं. कोरसमधल्या आठही जणी गप्प झाल्या. दिग्दर्शक उठून बाहेर गेले, पाच मिनिटांनी आत आले आणि म्हणाले, प्रवेश राहील. नावांसकट राहील.

काय ठरलं ते सांगते. अंधार नाही, भर उजेड, दर्यावर्दींनी सांगितलेल्या निळ्या आभाळासारखा. देवांना गडद रंग, पोसायडनला निळा-काळा, हातात पुरुषभर उंचीचा त्रिशूळ. अथीना करणारी मुलगी घागरीचं चित्र बघून आली तेव्हापासून बोलताना हातवारे करायची थांबली. ताठ उभी राहून सगळं बोलते आणि माझ्याकडं एकदाही बघत नाही. याआधी ती बोलताना माझ्यावर थोडी दया दाखवायची, आता ती गेली, आणि फरशीवर पडल्या पडल्या मला ते जाणवतं.

शेवटच्या हादऱ्याचं अडलं होतं. स्पीकरवर ढगांसारखा गडगडाट लावून पाहिला, खोटा वाटला. मग मी आईला विचारलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची, पाटणला आजोळी होती. ती म्हणाली, मोठा आवाज नंतर. मला आधी मांडणीवरची भांडी ऐकू आली. कोणीतरी अंधारात हळूच हात लावल्यासारखी वाजली, आणि आजी झोपेतच म्हणाली, मांजर आहे गं.

म्हणून विंगेत लाकडी मांडणी उभी केली, घरोघरची पितळी ताटं-वाट्या आणून रचल्या. मी दोन्ही तळव्यांनी जमीन बडवत मेलेल्यांना हाका मारते, त्यानंतर क्षणभर काही नाही, आणि मग ती भांडी. मांडणी कोण हलवणार यावर चर्चा चालू होती तेव्हा पोसायडनवाला म्हणाला, मीच हलवतो, पहिल्या प्रवेशानंतर मला दुसरं काम काय आहे.

त्याच्या चपला काढायला लावल्या. आता तो अनवाणी असतो, त्यामुळं विंगेत कधी येऊन उभा राहतो ते मला कळत नाही. भांडी वाजली की कळतं.